खोडलेलं ‘करून राहिली’

*ताई, मी ३८ वर्षांची. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. राहायला मानेवाड्याला. दोन खोल्या नि किचन. घरात सासूबाई, नवरा, आठवीतला मुलगा. एमपीएससीचे तीन प्रयत्न झाले, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, पुढे काही नाही. वडील म्हणायचे, ‘तुझ्याच्यानं काही होत नाही.’ ते जाऊन सहा वर्षं झाली, वाक्य काही गेलं नाही. जीएसटीत एक आकडा चुकला की कानात तेच. मोबाइलवर ध्यानाचं ॲप घेतलं, ११ दिवस पहाटे बसले. दोन मिनिटांत मन भाजीवर, ट्यूशनच्या फीवर, साहेबांवर. मग वाटतं, नुसतं शांत बसणंही हिला जमत नाही. एका व्हिडिओत सांगितलं, आरशात बघून ‘माझं माझ्यावर प्रेम आहे’ म्हणा. आधी हसू आलं, मग रडू. रात्री तीनला झोप उघडते ती उघडतेच. मैत्रीण म्हणते, दहा दिवसांच्या विपश्यनेला जा. जाऊ का? आणि स्वतःवर प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?*

*– मानेवाड्याची वाचक*

तुझं पत्र फुलस्केपच्या चार पानांचं. इथे फार कापून छापलंय, रागावू नकोस. पण त्यातली एक गोष्ट छापता येणारच नव्हती, ती आधी सांगते. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, ‘विचार येऊन राहिले होते’, आणि ते खोडून वर ‘येत होते’ केलंस. चार ओळी खाली ‘रडून राहिली होती’चं ‘रडत होते’ झालं. तेही एका रेघेनं नाही खोडलं. गिरवून गिरवून, कागद मागून फुगेपर्यंत. ट्रेनिंगला पुण्याला गेलीस तेव्हा तुझ्या ‘करून राहिली’वर सगळा वर्ग हसला होता, आणि तेव्हापासून तू वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी तपासून घेतेस, हेही त्याच पानावर आहे. चार पानांत मला सगळ्यात जास्त कळलं ते त्या खोडाखोडीतून. तिच्याकडे परत येते.

आधी त्या ११ दिवसांचं. ॲपमधली बाई म्हणते, श्वासाकडे लक्ष द्या. तू देतेस. लक्ष भाजीवर जातं. मग कधीतरी तुझ्या लक्षात येतं, अरे, भाजीवर गेलं. बरोबर त्या क्षणाला तू स्वतःला नापास करतेस. शिकवणारे नेमका तोच क्षण मोजतात. मन जाणारच. गेलं हे कळणं आणि भांडण न करता परत येणं, एवढंच तर करायचं असतं. एका बैठकीत ४० वेळा गेलं आणि ४० वेळा तू परत आणलंस, तर ४० वेळा तालीम झाली. तू ४० वेळा नापास झालीस असा हिशेब लावून ॲप काढून टाकलंस. अकाउंट्समधल्या बाईकडून जमा-खर्चाची अशी उलटापालट बरी नाही.

या सगळ्याचं मूळ नाव पालीतलं, ‘सति’, संस्कृतात स्मृती. रीस डेव्हिड्स या ब्रिटिश पाली अभ्यासकानं १८८१ मध्ये त्याच्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला आणि तोच फिरत फिरत तुझ्या मोबाइलमध्ये आला. मराठीत सजगता म्हणतात. मला आपला ‘भान’ बरा वाटतो, जरी समस्त आयांनी ‘भानावर ये!’ ओरडून ओरडून त्याची पार वाट लावली असली तरी. गंमत बघ. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, तिथे कितीतरी घरांत ‘आनापान’ हा ओळखीचा शब्द आहे. येणारा-जाणारा श्वास आहे तसा बघायचा, मुद्दाम लांब नाही, मुद्दाम खोल नाही. आणि तू तोच श्वास अमेरिकन उच्चारात ऐकून राहिली होतीस. (हो, मी असंच लिहिणार. खोडणार नाही.)

ॲपनं तुला शांती विकली, ही माझी खरी तक्रार आहे. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी या सरावाचा वर्ग सुरू केला. तिथे पाठवले जायचे ते वर्षानुवर्षं दुखणी अंगावर काढणारे रुग्ण, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे देण्यासारखं फार उरलं नव्हतं. पुढे ८ आठवड्यांचा ठरलेला वर्ग, घरी रोज साधारण ४५ मिनिटांचा सराव. पाठीतली कळ जाईल असं वचन नव्हतं. कळ वेगळी आणि ‘आता माझं कसं होणार’ ही हाय वेगळी, एवढं ओळखायला शिकवायचे. सुरुवातीला एक बेदाणा हातात देऊन तो बघायला, हुंगायला, सावकाश चावायला सांगत. (आपल्याकडे तर्रीपोह्यावर हा प्रयोग करू नये, तर्री थांबत नाही.) तर तिथे ८ आठवडे, आणि तू ११ दिवस बसलीस. तेही चार तासांच्या झोपेवर, सासूबाई उठायच्या आत, कुकर लावायच्या आधी. त्यावरून स्वतःबद्दल निकाल द्यायची घाई तुला का आहे, ते तुला माहीतच आहे. निकाल देणारा आवाज तयारच असतो.

आता तुझं खोडलेलं वाक्य.

म्यानमारचे ध्यानगुरू महासी सयाडो साधकांना जे घडतंय त्याची मनातल्या मनात नोंद घ्यायला सांगायचे. पोट वर येतंय, खाली जातंय. विचार आला की ‘विचार’, राग आला की ‘राग’. वर्णन नाही, कारण नाही, चर्चा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्यासारख्यांची नोंद लगेच शेऱ्यावर घसरते. ‘राग’ म्हणायला गेलं की ‘मी किती चिडकी’ होतं. चूक झाली की ‘मी अशीच’. मी २२ वर्षं समुपदेशन करते आहे, माझ्या खोलीत आलेली शिकलेली माणसं इथेच अडखळतात. त्यातल्या वर्धा-भंडाऱ्याकडच्या, आपल्याच बोलीत बोलणाऱ्यांना मात्र एक गोष्ट पटकन जमते असं मी पाहिलंय. ते म्हणतात, ‘मॅडम, राग येऊन राहिला.’ संपलं. त्या वाक्यात ‘मी’ नाहीच. राग आहे, तो येतो आहे, म्हणजे उद्या जाऊही शकतो. ‘रडू येऊन राहिलं.’ ‘छातीत धडधडून राहिलं.’ ‘डोकं चालून राहिलं.’ हे काही भाषाशास्त्र नव्हे, माझ्या खोलीतलं निरीक्षण आहे. पण तू ज्या शब्दाची लाज बाळगून कागद फाडत आणलास, तोच तुझ्या कामाचा आहे.

पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आकडा चुकला, कानात आलं ‘तुझ्याच्यानं काही होत नाही’, की मनात एवढंच म्हण: ‘बाबा बोलून राहिले.’

उत्तर देऊ नकोस. ‘होतं बाबा, माझ्याच्यानं होतं’ असं पटवायला गेलीस की तुझा सगळा दिवस त्या वादात जाईल, आणि बाबा हरणाऱ्यातले नव्हते हे तूच लिहिलंस. त्यांना हाकलूही नकोस. परवाच आपण मारबत (इडापीडेचा पुतळा) काढली, गल्लीगल्लीत ‘इडापीडा घेऊन जा गे मारबत’ झालं. तुझं पत्र वाचताना मला वाटलं, हिला बाबांचं वाक्य त्या मिरवणुकीत चढवून एकदाचं जाळून यायचंय. मलाही कितीदा वाटलंय. पण नागपूरकर शंभराहून अधिक वर्षं मारबत जाळताहेत आणि पुढल्या तान्ह्या पोळ्याला पुन्हा नवी बांधताहेत. इडापीडा संपली म्हणून यंदा रजा, असं अजून एकदाही झालेलं नाही.

माझ्याकडे आईचा आवाज आहे. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ मी ६१ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात दूध उतू गेलं, आणि ओटा पुसता पुसता मी मोठ्यानं म्हटलं, ‘आई बोलून राहिली.’ धुणंभांडी करणाऱ्या सुनंदाच्या हातून पातेलं सुटलं. आईला जाऊन १४ वर्षं झालीत, हे तिला ठाऊक आहे. आवाज बंद झाला असं तुला खोटं सांगणार नाही. पण त्या दिवशी दूध सांडलं एवढंच झालं, सकाळ सांडली नाही.

बसायचं कुठे आणि कधी, हे तू दोनदा विचारलंस, आणि बरोबर विचारलंस. दोन खोल्यांच्या घरात पहाटे डोळे मिटून बसलेली सून म्हणजे घराला विषयच. नवऱ्यानं ‘ध्यानेश्वरी’ नाव ठेवलंय ना? ठेवू दे. पहाट सोडून दे. तुला झोप हवी आहे, आणि झोप मोडून केलेलं ध्यान मला पटत नाही. तू रोज गाडीवर हिंगण्याला जातेस, आणि नागपूरच्या तमाम बायांसारखी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये बांधून जातेस. छत्रपती चौकात सिग्नल लागला, गाडी थांबली, पाय जमिनीवर टेकले की स्कार्फच्या आतला श्वास बघ. डोळे उघडेच ठेवायचे, नजर समोर. श्वास सोडला की कापड ओठांपाशी जरा ओलसर, कोमट लागतं. घेतला की ते नाकाकडे किंचित ओढलं जातं. आणखी काही शोधू नकोस. मागच्यानं हॉर्न मारला की निघ. त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर ‘शिव्या येऊन राहिल्या’ म्हण आणि निघ. गाडी चालवताना हे अजिबात नको, तेव्हा रस्त्याचं भान पुरे. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावलीस की स्कार्फ सोडण्याआधी तीन मिनिटं तशीच सीटवर बस. लोकांना वाटेल, फोनवर बोलतेय. वर गेल्यावर तुला कोणी तीन मिनिटं देणार नाही.

दोन महिने एवढंच कर. पुढचं पुढे.

आरशाचं. तुला हसू आलं, मग रडू आलं, यात तुझं काहीही चुकलेलं नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. वाक्य म्हटलं की आतून उलटतपासणी सुरू होते: खरंच? आणि ती एमपीएससी? आणि गेल्या महिन्यातला तो आकडा? तुझा तर आतला वकील भलताच हुशार दिसतो. म्हणून व्हिडिओतला तो उपाय बंद. आरशात बघून टिकली लाव आणि नीघ.

‘स्वतःवर प्रेम’ हा शब्द मला मराठीत कधी नीट बसलाच नाही, तुझ्यासारखंच अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडे माया असते. मायेला समोरचा गुणी असावा लागत नाही. नापास झालेल्या पोराला वरणभात वाढताना त्याचे मार्क बघत नाही आपण; म्हणजे बघतो, पण तूप कमी वाढत नाही. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून जे मांडलं ते याच्या बरंच जवळ जातं. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेनं वागणं, जे वाटतंय ते न फुगवता न दाबता बघणं, आणि हे माझ्या एकटीचंच नाही हे ओळखणं. तुझ्यासाठी मला तिसरी सगळ्यात मोलाची वाटते. एमपीएससीला दरवर्षी लाखो बसतात, घेतात ते मोजके. उरलेले सगळे ‘काहीच न होणारे’ आहेत का? त्यातले किती जण आज तुझ्यासारखेच कुठे कुठे महिनाअखेर सांभाळून राहिले असतील, आणि किती जणांच्या कानात कोणाचे ना कोणाचे बाबा असतील!

तू लिहिलंस, स्वतःचे असे लाड केले तर आळशी होईन. बाबांचीच शिकवण, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेक घरांची. बर्कलीतल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हे तपासलं. अवघड शब्दांच्या परीक्षेत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ‘स्वतःला फार टोचू नका, ही परीक्षा अनेकांना जड जाते’ अशा अर्थाचं सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. मला यात नवल वाटत नाही. पट्टीच्या भीतीनं वही उघडणारं पोर आधी पट्टीकडे बघतं, मग वहीकडे.

तर ‘नेमकं काय करायचं’ याचं उत्तर तुझ्याच ऑफिसातून देते. समज, शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं ३बीमध्ये, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, आकडा चुकवला आणि रिटर्न भरूनही टाकलं. तू तिला काय म्हणशील? ‘तुझ्याच्यानं काही होत नाही’? तू म्हणशील, ‘थांब, रडू नको. भरलेलं ३बी मागे घेता येत नाही, पुढच्या महिन्याच्यात दुरुस्त करू. चहा घे आधी.’ पत्रात हा नियम तूच मला समजावून सांगितलास, इतक्या मायेनं, की मला, जिला रिटर्न म्हणजे परतीचं तिकीट वाटतं, तिलाही कळला. पुढच्या वेळी आकडा चुकला की ‘बाबा बोलून राहिले’ म्हणून झाल्यावर हेच स्वतःला म्हण, त्याच आवाजात. चहासुद्धा खरोखर घे. जमलं नाही तर नाही. महिना कुठे पळून जातोय.

एका बाबतीत मात्र मी तुला शांत राहायला सांगणार नाही. दर महिन्याच्या १८-१९ तारखेला दुसऱ्याचं राहिलेलं काम साहेब तुझ्या टेबलावर आणून टाकतात आणि तू रात्री नऊपर्यंत बसतेस, हे तू एका ओळीत उरकलंस, जणू ते पावसापाण्यासारखं आहे. श्वास बघून बघून हे सोसायची ताकद वाढवायची, असा या अभ्यासाचा उपयोग मी कोणालाच सांगत नाही, कंपन्यांनी तो कितीही आवडीनं करून घेतला तरी. पार्किंगमधल्या त्या तीन मिनिटांत कधी लक्षात येईल की आज बाबा नाही बोलून राहिले, आज खरंच अन्याय होऊन राहिला. तेव्हा दुसऱ्या दिवशी साहेबांना आधीच, म्हणजे १० तारखेच्या सुमारास, लेखी विचार: यातलं माझं कोणतं आणि कोणाचं कोणतं? ईमेलवर. नम्र, तीन ओळींत.

विपश्यना. चांगली आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून ती भारतात घेऊन आले, इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं आहे, आणि आपल्याकडे कळमेश्वर रस्त्यानं माहुरझरीला केंद्र आहे. फी नाही. दहा दिवस फोन नाही, बोलणं नाही, पहाटे ४ला घंटा, दिवसाला जवळपास १० तास बैठक. माझ्या ओळखीतल्या काही जणांचं त्यानं आयुष्य सावरलं. तरीही तुला आत्ता जाऊ नकोस म्हणेन, आणि कारण रजेचं नाही. तू लिहिलंस की तीनला झोप उघडते, गेले दीड-दोन महिने असंच आहे, आणि बाथरूमचा नळ सोडून रडतेस. अशा अवस्थेत दिवसाचे दहा तास डोळे मिटून बसलं की काही जणांचं जुनं दुखणं एकदम वर येतं, आणि ते झेलायला अंगात झोपेचा साठा तर हवा. केंद्राचा अर्जही मानसिक आजार-उपचारांबद्दल विचारतो. तिथे खरं लिहायचं असतं.

आधी डॉक्टर. झोप, रडू आणि कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की ते दाखवायलाच हवं. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाच्या कितीतरी बायका या दोन्हींनी खचलेल्या असतात आणि स्वभावाला दोष देत बसतात. मग मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत जा, किंवा तुला सोयीच्या कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे. तिथे जाणं लांब वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला तुला जाग असतेच. सगळंच संपवावं असा विचार कधी चुकून जरी मनात आला, तर सकाळची वाट न बघता त्याच मिनिटाला फोन लाव आणि नवऱ्याला उठव. ‘ध्यानेश्वरी’ म्हणणारा माणूस उठतो, मी पाहिलंय.

हे सगळं मार्गी लागलं, झोप बरी झाली, की पुढच्या वर्षी माहुरझरीचं बघू. तिथे दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं चिंतण्याची. तोवर तुझी माया टेबलाशेजारच्या मुलीपासून तुझ्यापर्यंत पोचलेली असली तर ते सोपं जाईल.

दोन महिन्यांनी पुन्हा पत्र लिही. जसं बोलतेस तसं लिही. छापताना आम्ही एक अक्षर बदलणार नाही. आणि स्कार्फ सुती घे गं. सिंथेटिकमध्ये श्वास नुसता कोंडून राहतो.